गावालगत जमीन घेऊन घर बांधताना: झोन दाखल्यापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत

महापालिकेच्या हद्दीबाहेर, एखाद्या गावाच्या जवळ थोडी जमीन घ्यावी आणि तिच्यावर स्वतःचे घर बांधावे, असा विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तयार प्रकल्पात सदनिका घेणाऱ्याला बहुतेक परवानग्या विकासकाने आधीच मिळवलेल्या असतात. जमीन घेऊन घर बांधणाऱ्याला मात्र महसूल, नगर रचना, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत अशा वेगवेगळ्या यंत्रणांकडे जावे लागते आणि त्यांतील प्रत्येक जण आपल्या कामापुरतेच उत्तर देतो. पुणे जिल्ह्यात घर बांधताना आम्ही हे सर्व टप्पे ओलांडले, म्हणून उदाहरणे मुख्यतः तिकडची आहेत. मूळ कायदे मात्र राज्यभर तेच आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. जमीन घेताना आपल्याकडे सर्व जण सातबारा पाहतात, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतात आणि मग निर्धास्त होतात. जमीन कोणाची आहे हे सातबारा सांगतो. तिच्यावर काय बांधता येईल हे तो सांगत नाही. ते प्रादेशिक योजनेच्या नकाशावर ठरलेले असते आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक टप्पा, अगदी ती जमीन तुम्हाला विकत घेता येईल की नाही हेसुद्धा, त्या नकाशावर अवलंबून असते. म्हणून खालील क्रम बदलू नये, आणि पहिले तीन टप्पे विसार देण्याच्या आधी पूर्ण करावेत.

१. जमीन कोणत्या योजनेखाली येते, ते आधी ठरवा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तीन प्रकारच्या योजना होतात. एका मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, एखाद्या शहरासाठी किंवा प्राधिकरणाच्या क्षेत्रासाठी विकास योजना, आणि त्याहून लहान भागातील जमिनींची पुनर्रचना करणारी नगर रचना योजना. गावालगतची जमीन बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडते. पुणे प्रदेशाची योजना १९९७ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी १९९८ पासून अमलात आली. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली योजना १९७३ ची, दुसरी १९९९ ची, आणि २०१६ ते २०३६ या कालावधीसाठीची तिसरी २०२१ मध्ये मंजूर झाली.

या कायद्याचे कलम १८ प्रत्येक खरेदीदाराने एकदा तरी वाचावे. प्रादेशिक योजना तयार झाल्याची किंवा मंजूर झाल्याची सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर, शेतीखेरीज अन्य कोणत्याही कारणासाठी जमिनीचा वापर सुरू करायचा किंवा बदलायचा असेल तर पूर्वपरवानगी लागते. महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या क्षेत्रात ही परवानगी त्या संस्था देतात आणि इतरत्र जिल्हाधिकारी देतात. ‘जमीन माझी, गाव माझे, मग परवानगी कसली?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. त्याचे उत्तर या कलमात आहे.

येथील नेहमीचा सापळा म्हणजे प्रारूप योजनेला मंजूर योजना समजणे. पुणे महानगर प्रदेशाचे प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले आणि त्याची प्रारूप विकास योजना २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जी शेते पिवळी, म्हणजे रहिवासाची, दाखवली होती, त्यांचे भाव तेव्हाच वाढवून सांगितले जाऊ लागले. त्या योजनेवर हरकतींचा पाऊस पडला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये शासनाने ती प्रारूप योजनाच रद्द केली. ज्यांनी केवळ त्या नकाशाच्या भरवशावर दर मोजला, त्यांच्या हातात पुन्हा जुन्या योजनेतील शेती विभागातली जमीन राहिली. म्हणून विक्रेत्याने झोन सांगितला की लगेच विचारावे: कोणत्या योजनेनुसार, आणि ती मंजूर आहे की प्रारूप?

२. झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः मिळवा

झोन दाखला, म्हणजे जमीन योजनेतील कोणत्या वापर विभागात येते हे सांगणारा दाखला, नगर रचना विभागाच्या जिल्ह्यातील शाखा कार्यालयातून मिळतो. प्राधिकरणाच्या क्षेत्रात तो प्राधिकरण देते. अर्जासोबत चालू सातबारा, गटाचा नकाशा आणि शुल्क लागते. शुल्क किरकोळ असते. दाखल्याबरोबर भाग नकाशाही, म्हणजे योजनेच्या नकाशाचा त्या गटापुरता भाग, मागावा. ‘सदर गट अंशतः रहिवास विभागात व अंशतः शेती विभागात समाविष्ट आहे’ असे दाखल्यात एका ओळीत लिहिलेले असते. कोणता अंश कुठे, हे नकाशाशिवाय कळत नाही.

प्रादेशिक योजनेचे नकाशे फार लहान प्रमाणात काढलेले असतात, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असेल, तर त्यावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. पेनाच्या रेषेची जाडी एखाद्या छोट्या भूखंडाच्या रुंदीहून जास्त भरते. त्यामुळे दलालाने मोबाइलवर दाखवलेल्या नकाशाचा चौकोन मोठा करून ‘हे बघा, आपला गट पिवळ्यात आहे’ असे म्हटले, तर त्याला काहीही अर्थ नाही. गट विभागाच्या सीमेवर असेल, तर मोजणी नकाशा जोडून सीमेबाबत लेखी अभिप्राय मागावा.

रंगांचे बोलीतले अर्थ साधारण असे आहेत: पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास, याशिवाय वन, वनीकरण, औद्योगिक, सार्वजनिक उपयोग असे विभाग असतात. मात्र बोलीत ‘यलो झोन’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. गावठाणाच्या परिघात असल्यामुळे घर बांधता येण्याजोग्या शेती विभागातील जमिनीलाही विक्रेते यलोच म्हणतात. या दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्यात रहिवास हा मूळ वापर आहे. दुसऱ्यात तो अटींवर, आणि बहुधा अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारा वापर आहे. गावठाणाच्या हद्दीपासूनचे अंतर, गावाची लोकसंख्या आणि योजनेत त्या गावासाठी रहिवास विभाग दाखवलेला आहे की नाही, यांवर तो ठरतो. हे अंतर गावातल्या देवळापासून किंवा शेवटच्या घरापासून मोजले जात नाही. भूमी अभिलेखातील गावठाणाच्या हद्दीपासून मोजले जाते. वस्ती वाढून दूरवर पोहोचलेली असते आणि कागदावरचे गावठाण जुनेच असते, ही स्थिती बहुतेक गावांत आढळते.

झोन रहिवासाचा निघाला तरी आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. १:५ पेक्षा तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामास परवानगी मिळत नाही; पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात डोंगराच्या कुशीतले रमणीय भूखंड यातच अडकतात. नदीकाठी पूररेषा पाहावी लागते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध आहे, तर निळ्या आणि लाल रेषेमध्ये बंधने घालून परवानगी मिळू शकते. पूररेषेचा दाखला जलसंपदा विभाग देतो. याशिवाय प्रस्तावित रिंगरोड किंवा अन्य प्रादेशिक रस्ता, उच्चदाब वीजवाहिनी, लोहमार्ग, संरक्षण खात्याच्या आस्थापनांभोवतीचे निर्बंध आणि काही तालुक्यांत पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र. महाबळेश्वर-पाचगणीसाठी तशी अधिसूचना २००१ मध्ये आणि माथेरानसाठी २००३ मध्ये निघाली, आणि तेथे नेहमीचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत.

‘सध्या ग्रीन आहे, पण सहा महिन्यांत यलो करून देतो’ असे सांगणारे अनेक भेटतील. झोन बदलण्याचा मार्ग कलम २० मध्ये आहे. त्यानुसार शासनाला बदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, त्यांवर सुनावणी द्यावी लागते आणि मगच मंजुरी मिळते. राजपत्रातील सूचनेची प्रत दाखवता येत नसेल, तर त्या आश्वासनाची किंमत शून्य धरावी.

३. रस्ता कागदावर आहे का, ते पाहा

प्रत्यक्ष जागेवर मोटार जाते म्हणून रस्ता आहे, असे नगर रचना कार्यालय मानत नाही. गाव नकाशावरील रस्ता, मंजूर अभिन्यासातील (लेआउटमधील) रस्ता, योजनेतील रस्ता किंवा नोंदणीकृत दस्ताने मिळालेला वहिवाटीचा हक्क, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. शेजाऱ्याच्या बांधावरून ‘आजोबांच्या काळापासून’ जाणारी वाट शेतीला पुरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण तो शेतात जाण्यासाठी. घराच्या परवानगीसाठी पुरेशा रुंदीचा पोचरस्ता लागतो आणि बांधकामाची उंची व चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येते ते) त्या रुंदीशी जोडलेले असते.

रस्त्याची जमीन कोणाच्या नावावर आहे, याची चौकशी करावी. काही ठिकाणी मूळ मालक सर्व भूखंड विकतो आणि रस्त्याची पट्टी स्वतःच्या नावावर ठेवतो. पुढे त्याच्या वारसांना त्या पट्टीची आठवण होते. खरेदीखतात रस्त्यातील अविभाज्य हिस्सा किंवा निदान कायमचा वहिवाटीचा हक्क, रुंदी आणि गट क्रमांकासह, लिहून घ्यावा.

४. सातबाऱ्यावरील बंधने वाचा

हे काम वकिलाचे आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यावे. मात्र ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतः वाचण्याची सवय ठेवावी. भोगवटादार वर्ग १ असेल तर हस्तांतर सामान्यतः मोकळे असते. वर्ग २ असेल, म्हणजे शासनाने दिलेली, वतनाची किंवा तत्सम जमीन असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (त्यासाठी शासनाला भरायची रक्कम) यांचा प्रश्न येतो. कूळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनास पात्र असल्याची नोंद, आदिवासी खातेदाराच्या जमिनीला लागू होणारी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ ची बंधने, १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखालील नोंद, देवस्थानाचे नाव, आणि धरणांच्या लाभक्षेत्रात ‘पुनर्वसनासाठी’ असा शेरा, यांपैकी काहीही दिसले तर व्यवहार तेथेच थांबवून लेखी सल्ला घ्यावा. संगणकीकृत सातबाऱ्यावर न आलेल्या काही नोंदी जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर आणि फेरफारांवर असतात. म्हणून फेरफार मागे मागे वाचत जावे.

आता झोनचा आणि खरेदीच्या अधिकाराचा संबंध पाहू. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मात्र सुधारित तरतुदीनुसार, जी जमीन प्रारूप किंवा अंतिम प्रादेशिक योजनेत रहिवास, वाणिज्य, औद्योगिक अशा बिगरशेती वापरासाठी दाखवलेली आहे, तिला यातून सूट मिळते. अट एवढीच की ठरावीक मुदतीत तसा वापर सुरू करावा लागतो. म्हणजे जमीन हिरव्या विभागात असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर अडचण घर बांधण्याच्या आधीच, खरेदीखतापाशी सुरू होते. कोणाकडून तरी शेतकरी दाखला ‘मिळवून’ केलेली खरेदी पुढे तहसीलदारांपुढे चौकशीला येऊ शकते.

५. दोन गुंठ्यांचा मोह

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एकर विकत घेऊन गुंठ्या-गुंठ्याने विकणे हा शहराभोवतीच्या गावांतील जुना धंदा आहे. त्यात खरेदीदाराला बहुधा मोजलेला, हद्द कायम झालेला भूखंड मिळत नाही. मूळ गटातील सामाईक हिस्सा मिळतो. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे एकाखाली एक लागतात आणि घर बांधताना त्या सर्वांची संमती लागते. त्यांतील एक नाव परदेशी असते आणि एक वारलेले असते.

तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीसाठी वीस गुंठे आणि बागायतीसाठी दहा गुंठे ठरवले. योजनेत रहिवासासाठी दाखवलेल्या जमिनीला या कायद्यातून सूट असली, तरी छोटा भूखंड मंजूर अभिन्यासातून निर्माण झालेला असावा लागतो. जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची सोय शासनाने २०२५ मध्ये केली आहे आणि गुंठेवारी विकास अधिनियम २००१ पासून आहेच. पण या सोयी झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. ‘नंतर नियमित होते’ या भरवशावर आज नवा व्यवहार करणे म्हणजे उद्याच्या कायद्यावर पैसे लावणे.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, म्हणजे व्यवहार निर्दोष ठरला, असाही एक समज आहे. नोंदणीमुळे दस्ताची नोंद होते. विक्रेत्याचा हक्क, झोन किंवा तुकड्याची वैधता यांची हमी त्यातून मिळत नाही.

अभिन्यासातील भूखंड घेत असाल, तर मंजूर अभिन्यासाचा शिक्का मारलेला नकाशा मागा आणि तो अंतिम मंजुरीचा आहे की तात्पुरत्या, ते वाचा. तात्पुरत्या मंजुरीनंतर रस्ते आखून, मोजणी होऊन अंतिम मंजुरी मिळायची असते. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती जागा नकाशावर शोधा आणि मग प्रत्यक्ष पाहा; तिच्यावर कुंपण घालून विकलेला ‘कॉर्नर प्लॉट’ तुमच्या वाट्याला तर येत नाही ना, एवढे खात्रीने पाहावे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंड-प्रकल्पाची महारेराकडे (स्थावर मालमत्ता प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी आहे का, तेही संकेतस्थळावर तपासता येते.

६. मोजणी

मोजणीचा अर्ज ई-मोजणी प्रणालीवरून उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जातो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. शुल्क त्यानुसार बदलते. खरेदीपूर्वी अर्ज करायचा तर तो विक्रेत्याच्या नावाने होईल, कारण खातेदार तो आहे. काही विक्रेते कुरकुर करतात. जो मोजणीला अजिबात तयार होत नाही, त्याची जमीन घेऊ नये.

मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस मिळालेली असावी आणि तुम्ही स्वतः हजर असावे. हद्दीच्या खुणा लगेच दगड रोवून कायम कराव्यात. सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्र यांत फरक निघाला, तर किंमत कमी असलेल्या क्षेत्रावर ठरवावी. महाभूनकाशा या संकेतस्थळावरील नकाशा प्राथमिक कल्पनेसाठी चांगला आहे. पुढे बांधकाम परवानगीसाठी मोजणी नकाशाची ‘क’ प्रतच लागते.

७. खरेदीखत

याविषयी फार लिहीत नाही, कारण वकील ते पाहतो. साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) मात्र एक अट आवर्जून घालावी: झोन दाखला, रस्ता किंवा मोजणी यांपैकी कशातही विक्रेत्याने सांगितल्यापेक्षा वेगळे निघाले, तर विसार परत. खरेदीनंतर फेरफार मंजूर होऊन तुमचे नाव सातबाऱ्यावर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, काम तेच.

८. बिनशेती वापर

पूर्वी प्रत्येकाला कलम ४४ खाली स्वतंत्र बिनशेती परवानगी घ्यावी लागे. जमीन महसूल संहितेत आलेल्या ४२अ, ४२ब, ४२क आणि ४२ड या कलमांनी हे बरेच सोपे केले. त्यांचे सूत्र असे, की योजनेने ज्या वापरासाठी जमीन दाखवली आहे, त्याच वापरासाठी पुन्हा वेगळी परवानगी मागायला लावू नये. रूपांतरण कर, आकारणी आणि लागू असेल तेथे अधिमूल्य किंवा नजराणा भरला की रूपांतर झाले असे मानावे. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीसाठी ४२ड आहे. या तरतुदींत शासन वेळोवेळी सुधारणा करते. त्यामुळे अर्ज करताना चालू पद्धत आणि चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत, शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी केलेला अर्ज नमुना म्हणून वापरू नये.

येथे सर्वाधिक लोक फसतात. ‘एनए प्लॉट आहे, उद्यापासून काम सुरू करा’ असे सांगितले जाते. बिनशेती म्हणजे महसुलाच्या दृष्टीने वापर बदलला, एवढेच. घराचा नकाशा, सामासिक अंतरे (भूखंडाच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), उंची, चटई क्षेत्र यांची मंजुरी वेगळी असते आणि ती मिळाल्याशिवाय पाया खोदता येत नाही. शिवाय बिनशेती कोणत्या वापरासाठी, हेही पाहावे. औद्योगिक किंवा गोदामाच्या वापरासाठी बिनशेती झालेला भूखंड घरासाठी आपोआप चालत नाही.

९. बांधकाम परवानगी

राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे आणि काही थंड हवेची ठिकाणे अशी मोजकी क्षेत्रे सोडली, तर ती प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रासह सर्वत्र चालते. तिची प्रत शासनाच्या संकेतस्थळावर मिळते. पूर्ण वाचण्याची गरज नाही. शेती विभागातील वापर, सामासिक अंतरे आणि छोट्या भूखंडांची प्रक्रिया ही प्रकरणे मात्र वास्तुविशारदावर न सोडता स्वतः वाचावीत.

छोट्या भूखंडांसाठी नियमावलीत सोपी वाट आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवाना असलेल्या अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा आणि कागदपत्रे सादर करून काम सुरू करता येते; दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंत शुल्क भरून त्वरेने परवानगी मिळण्याची सोय आहे. गावांत ‘३२०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही’ असे म्हणतात, ते याचेच विपर्यस्त रूप. सवलत प्रक्रियेत आहे. झोन, सामासिक अंतर आणि चटई क्षेत्राचे नियम तसेच लागू राहतात, आणि त्यांच्याविरुद्ध बांधकाम झाले तर ते अनधिकृतच ठरते.

अर्जासोबत साधारणपणे पुढील कागद लागतात:

- तीन महिन्यांच्या आतील सातबारा, ८अ आणि संबंधित फेरफार
- नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स-२)
- झोन दाखला आणि भाग नकाशा
- मोजणी नकाशाची ‘क’ प्रत
- मंजूर अभिन्यास, भूखंड त्यातील असल्यास
- पोचरस्त्याचा पुरावा
- बिनशेती रूपांतराचे शुल्क भरल्याची पावती किंवा सनद
- परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता आणि संरचना अभियंता यांची नियुक्तिपत्रे
- जागेनुसार पूररेषा, महामार्ग, वीज, वन किंवा संरक्षण खात्याचे ना-हरकत पत्र

विकास शुल्क, छाननी शुल्क आणि लागू असल्यास अधिमूल्य यांबरोबर बांधकाम कामगार कल्याण उपकर एक टक्का भरावा लागतो. स्वतःच्या राहत्या घराचा बांधकाम खर्च कायद्यातील मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही. हे सर्व मिळून रक्कम बऱ्यापैकी होते, आणि घराच्या अंदाजपत्रकात ती बहुतेक जण धरतच नाहीत.

१९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. यावर विसंबून काम सुरू करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, अर्ज सर्व कागदांसह परिपूर्ण असावा लागतो. त्रुटीचे एक पत्र आले की हिशेब बदलतो. दोन, मानीव परवानगी फक्त नियमात बसणाऱ्या बांधकामाला मिळते. अर्ज नाकारला गेला, तर आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते.

परवानगी म्हणून मिळालेले प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष वैध असते. तेवढ्यात काम सुरू झाले नाही, तर दर वर्षी मुदतवाढ घ्यावी लागते आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. निधीची जुळवाजुळव व्हायची असेल, तर परवानगी फार आधी काढून ठेवू नये.

१०. जोते तपासणी आणि भोगवटा

जोत्यापर्यंत काम आले की तपासणीसाठी कळवावे. भिंती चढल्यावर लक्षात आलेली सामासिक अंतरातील दोन फुटांची चूक दुरुस्त करता येत नाही. जोत्यावर ती करता येते. गवंड्याच्या सूचनेवरून खिडकी हलवली, जिना बाहेर घेतला, पत्र्याची शेड वाढवली, तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा. काम पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरण्याची परवानगी, मागावे.

ग्रामपंचायतीने नमुना ८ मध्ये घराची नोंद केली, घरपट्टी सुरू झाली आणि वीज आली, की पुष्कळ जण भोगवट्याचा नाद सोडतात. घरपट्टी ही कर वसूल करण्यासाठी असते आणि अनधिकृत बांधकामावरही ती आकारली जाते. घरावर कर्ज काढताना, ते विकताना किंवा रस्तारुंदीसाठी मोबदला मागताना बँक आणि शासन दोघेही भोगवटा प्रमाणपत्रच मागतात.

११. योजना पुन्हा बदलू लागली तर

तुमचे गाव उद्या महापालिकेत जाऊ शकते किंवा प्राधिकरण नवी विकास योजना आणू शकते. प्रारूप प्रादेशिक योजनेवर सूचना व हरकतींसाठी किमान चार महिने मिळतात. प्रारूप विकास योजनेवर मात्र तीसच दिवस. म्हणून आपल्या तालुक्याची सूचना निघाली की पहिल्या आठवड्यातच नकाशा पाहावा.

तुमच्या घरावरून रस्ता किंवा आरक्षण दाखवले असेल, तर ‘अन्याय झाला’ असे लिहून उपयोग होत नाही. गट क्रमांक, मोजणी नकाशा, मंजूर बांधकामाचा क्रमांक व दिनांक, भोगवटा प्रमाणपत्र, आणि रस्ता कोणत्या बाजूने वळवता येईल याचा साधा नकाशा जोडावा. पर्याय दाखवणाऱ्या हरकतीवर सुनावणीत चर्चा तरी होते. आरक्षण कायम राहिले आणि अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची सूचना देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही सूचना मालकानेच द्यावी लागते, आपोआप काहीही घडत नाही. हरकत असो वा सूचना, ती टपालाने पाठवली तरी एक प्रत आवक कक्षात देऊन तिच्यावर क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी.